जमुनेच्या खोलीचं धुराडं

मनकर्णा हिवरखेडात सून म्हणून आली, त्याच वर्षी सासूनं तिला एक काम नेमून दिलं. अवसेला चूल सारवून झाली की पहिल्या जाळावर कडुलिंबाचा ओला पाला टाकायचा, पदर तोंडावर धरायचा आणि मान वर करून उभं राहायचं. चुलीच्या बरोबर वर, मातीच्या सपाट धाब्याला हातभर भोक असे. त्याला साणं म्हणत. धूर सरळ साण्यातून बाहेर पडला तर सगळं ठीक. घुटमळला, भिंतीला चिकटला, खाली उतरला, तर शिडी लावून वर चढायचं आणि शिंदीच्या झाडूनं साणं झाडून काढायचं. सासू सांगायची, "देवाले दिवा लाव, पन आदी धूर पाय. धुराले वाट नसली तं देवाले बी डोये चोयत बसा लागते."

मनकर्णेनं वीस-बावीस वर्षं हे मनोभावे केलं. अवसेला वऱ्हाडात कोणी बैल जुंपत नाही, त्यामुळे शिडी धरायला घरात माणूस असे. सासू वारली आणि तेरावं व्हायच्या आत अवस आली, तेव्हाही ती वर चढली. सुतकात बाई छपरावर चढली म्हणून शेजारणींनी तोंडाला पदर लावले. ती म्हणाली, "तिनंच तं सांगतलं होतं. तिच्यापायी कशी मोडू?"

मग ती कापसाची वर्षं आली. कुठल्याशा लांबच्या मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचे दिवस आले. लढाई कोणाची, कशासाठी, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मनकर्णेचा नवरा जानराव मिशीला हात लावून म्हणायचा, "ते लढून राहिले तोवर आपलं बरं हाय." पुढे हे आपले शब्द आठवले की त्याचा घास हातातच राही.

जानराव कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेला होता, तेव्हा एका साहेबाच्या बंगल्यात त्यानं भिंतीतली शेकोटी पाहिली. घरी येऊन दहा दिवस दुसरं बोलणं नाही.

"भिंतीत इस्तो पेटलेला अन् खोलीत धुराचं नाव नाही," तो म्हणाला.

"मंग धूर जाते कुठं? साहेबाच्या पोटात?" मनकर्णेनं विचारलं.

"भिंतीतून वर जाते. धुराडं म्हनतात त्याले. आपुनही एक खोली बांधू तशी. जमुनेसाठी."

जमुनेचं नाव निघालं की त्या घरात पुढे बोलणं होत नसे. पाच बाळंतपणांतली ती एकटी जगलेली लेक. आदल्या वर्षी तेल्हाऱ्याला दिली होती, देवीदास नावाच्या शांत स्वभावाच्या मुलाला. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, ते तिचं हिवाळ्यात ऊबदार खोलीत व्हावं, एवढीच जानरावाची हौस होती. त्याला वाईट कसं म्हणावं?

चैत्रात अकोल्याहून सहदेव गवंडी आला. भाजक्या विटांची खोली उभी राहिली, भिंतीत शेकोटी आली आणि धाब्याच्या वर विटांचं धुराडं निघालं. गाव बघायला आलं. सहदेव बोलायला फटकळ, पण कामात चोख. जायच्या दिवशी त्यानं मनकर्णेला मुद्दाम बोलावून शेकोटीत वाकायला लावलं.

"वर पाहा. दिसते काय काही?"

"अंधार दिसते."

"अंधारच दिसन. तुमच्या साण्यातून आभाय दिसते, म्हून खालूनच कयते मोकयं हाय का नाही ते. ह्याचा नय भिंतीत वाकवला हाय, सिधा पाऊस आत येऊ नये म्हून. इथं खालून काहीच कयनार नाही. दर अवसेले वर चढा, वाकनारा हिरवा बांबू घाला, पार खालपर्यंत आला पायजे. जायाच्या आदी तीन खेपा सांगतो, एक डाव झाला."

"दोन डाव सांगून ठेवा. तिसऱ्याची गरज नाही," मनकर्णा हसून म्हणाली. "आमच्या घरात धुराचं मले सांगा लागत नाही."

आणि तसं ते खरंही होतं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात ती नेमानं चढली. बांबू खालपर्यंत गेला. मग कापूस घरात यायला लागला.

आश्विनाच्या अवसेला, ऐन दिवाळीत, धाब्यावर कापूस वाळत घातलेला होता. पाय ठेवायला जागा नाही. वाऱ्यानं कापसाच्या लडी उडत होत्या, पारवे चोचीत धरून नेत होते आणि बायका हसत होत्या, की या वर्षी पाखरांच्याही गाद्या झाल्या. त्या अवसेला पहिल्यांदाच गावात बैल जुंपले गेले. भाव चढला होता, गाड्या थांबायला तयार नव्हत्या. मनकर्णा म्हणाली, पुढच्या अवसेला दोनदा झाडीन.

पुढची अवस कार्तिकातली. जमुनेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच मनकर्णेनं कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला नवस बोलला होता, की लेक सुखरूप मोकळी होऊ दे, बाळंतपणाआधीच कार्तिकाच्या जत्रेला ओटी भरायला येईन. ते रुक्मिणीचं माहेर. माहेरी बाळंत होणाऱ्या लेकीसाठी दुसऱ्या कोणत्या देवीकडे जावं? बैलगाडीनं जाऊन यायला तीन आठवडे लागले. ओटी भरताना तिचे डोळे भरून आले होते, असं सोबतच्या बाया सांगत. अवस वाटेतच, कुठल्याशा ओढ्याकाठी गेली.

मार्गशीर्षात जमुना आली. तोवर भाव अजून चढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस घरात ओट्यापासून आढ्यापर्यंत भरला होता, आणि शिडी त्याच्यामागे गाडली गेली होती. जानराव म्हणाला, "चार दिसांनी गाड्या भरू, मंग काढून देतो." चार दिवसांचे चौदा झाले. तीन अवसा अशा गेल्या. त्यातली एकही आळसात गेली नव्हती, हे मनकर्णेच्या बाजूनं सांगायलाच हवं.

पौषात जमुनेला मुलगी झाली. सुखरूप झाली. पार्बताबाई सुईण म्हणाली, "शहान्या मायची शहानी पोर. रडली बी तालात." पोरीचं नाव बारशालाच ठरायचं, पण जमुनेनं ते आधीच ठरवून टाकलं होतं. शकुन.

थंडी कडाक्याची होती. पार्बताबाईनं रीतीप्रमाणे खोलीची खिडकी, भिंतीतले झरोके, दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि दाराला गोधडी लावली. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. जुन्या घरांतही हेच करत आल्या होत्या सगळ्या. पण चिंध्या कितीही कोंबल्या तरी तिथं वरचं साणं उघडंच राही, कारण तिथवर कोणाचा हात पोचत नसे. या खोलीला साणं नव्हतं. होतं ते धुराडं.

पहिल्या दिवशी शेकोटीत पऱ्हाट्या, कापसाच्या झाडांच्या वाळक्या काड्या, पेटवल्या आणि खोलीत धूर कोंडला. जमुना खोकायला लागली. मनकर्णेनं झटकन दार उघडलं, धूर बाहेर घालवला आणि म्हणाली, "मी वर चढून पाहतो. कापूस सरकवा, शिडी काढा."

पार्बताबाई तिच्या पुढ्यात उभी राहिली. "काय डोस्कं फिरलं काय वं तुयं? खाली बायतीन झोपली हाय. तिच्या डोक्यावर पाय देतं? वरून काजयी पडली त्या लेकराच्या टायूवर तं?"

"धूर कोंडून राहिला, पार्बताबाई."

"नवी चूल हाय, कोंडतेच. पऱ्हाट्या आंगनात पेटव. धूर निघून गेला, लाल इस्तो झाला, का खापरात भरून आत आन. इस्तवाले कुठं धूर रायते? बारावं होऊ दे, मंग चढ धाब्यावर, नाच तिथं."

 स्वतःच्या सासूच्या सुतकात जी बाई कोणाला न जुमानता चढली होती, ती या वेळी चढली नाही. चार पोरं गेली होती तिची. हे पाचवं, आणि त्याच्या कुशीतलं पहिलं. अशा वेळी माणूस शहाणपण बाजूला ठेवतो आणि जो कोणी अशुभ म्हणेल त्याचं ऐकतो. लेकीच्या डोक्यावर पाय द्यायचं पाप तिला घ्यायचं नव्हतं.

आठ दिवस बरे गेले. विस्तव अंगणात तयार व्हायचा, खापरातून शेकोटीत यायचा. धूर नव्हता, म्हणून खोलीत विस्तवाचं दुसरं, न दिसणारं काही कोंडत असेल असं कोणाला वाटलं नाही. जमुना दोनदा म्हणाली, "माय, मायं डोस्कं जड होऊन राहिलं." तिला सांगितलं, ओल्या बाळंतिणीचं जडच असतं.

नवव्या दिवशी सकाळी तेल-पाणी झालं. त्या दिवशी गार वारा होता म्हणून पार्बताबाईनं एकाऐवजी दोन खापरं विस्तव आत ठेवला आणि ती दुसऱ्या घरी गेली. जमुनेचे केस ओले होते. मनकर्णेनं त्यांना धुरी दिली, तिला पांघरूण घातलं आणि पोरीला उचललं.

"हिले जरा उनात घेऊन बसतो. तू झोप."

"भूक लागली तं लगेच आन," जमुना म्हणाली. "रडवत बसू नको. तुले रडनं आयकाची सवय हाय, मले नाही."

"कालची पोरगी, मले शिकवते."

जमुना हसली. मनकर्णेनं दार ओढून गोधडी नीट केली.

अंगणात ऊन छान पडलं होतं. तेवढ्यात कापूस न्यायला गाड्या आल्या. जानराव, गडी, सगळे त्यात गुंतले. मनकर्णा पोरीला मांडीवर घेऊन बसली, तिच्या पायांना ऊन लागेल असं दुपटं सारखं करत. पोर शांत झोपली होती. तिला उठवावं असं कोणाला वाटेल? सूर्य आंब्याच्या वर आला तेव्हा ती जागी झाली आणि ओठ चाटून रडू लागली. मनकर्णा उठली, गोधडी बाजूला करून आत गेली.

"घे वं, उठली तुयी मालकीन."

जमुना कुशीवर होती. गालांवर लाली होती, एवढी की कधी नव्हती. मनकर्णेनं हाक मारली, मग खांद्याला हात लावला, मग हलवलं. पोर काखेत ओरडत होती आणि मनकर्णेच्या स्वतःच्या कानशिलात ठोके पडायला लागले होते. तिनं काय आवाज काढला तिला आठवत नाही. गाड्या भरणारी माणसं धावत आली. जमुनेला उचलून अंगणात आणलं, तळपायांना सुंठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. पार्बताबाई धापा टाकत आली, तिनं नाकाशी हात धरला आणि तो तसाच ठेवून खाली बसली.

गाव म्हणालं, सटवीनं लिहिलं होतं. पार्बताबाई म्हणाली, "तोंड पाहाना, जशी हासूनच राहिली. हे बाहेरचं हाय." दोघी-तिघींनी पौषाला दोष दिला. जानराव कोणाचंच ऐकत नव्हता, अंगणात पडलेल्या कापसाकडे बघत बसला होता.

तिसऱ्या दिवशी, रक्षा सावडून झाल्यावर, मनकर्णा एकटी त्या खोलीत गेली. तिनं शेकोटीत काड्या पेटवल्या आणि त्यांच्यावर कडुलिंबाचा ओला पाला टाकला. मान वर करायची वेळच आली नाही. सगळा धूर तोंडावर आला, खोलीभर पसरला. ती तशीच उभी राहिली, खोकत, जोवर जानराव आत येऊन तिला बाहेर ओढत नाही तोवर.

गाड्या गेल्यानं शिडी मोकळी झाली होती. ती वर चढली. धुराड्यात बांबू घातला, तो हातभर जाऊन मऊ कशात तरी रुतला. तिनं हात घालून ते बाहेर ओढलं. पारव्याचं घरटं, काड्या, पिसं, आणि त्यात ठासून बसलेला कापूस, पहिल्या दिवशीच्या धुरानं खालून काळा झालेला, आत अजून पांढरा. गादीसारखा गच्च. धाब्यावरून उडालेल्या त्याच लडी.

तिनं तो गोळा खाली आणून जानरावाच्या पुढ्यात ठेवला.

जानरावानं तो बोटांनी उसकटला. मग म्हणाला, "त्या सहदेवले सोडत नाही मी."

"त्यानं सांगतलं होतं," मनकर्णा म्हणाली. "तिसऱ्यांदा बी सांगनार होता, मीच हासली."

जानरावानं कुणालाही न बोलावता पहार घेतली आणि ती शेकोटीची भिंत चार दिवसांत पाडली. मनकर्णेनं देवापुढे दिवा लावला, पण काही मागितलं नाही. रुक्मिणीवर तिचा राग नव्हता. देवी सुबुद्धी देते, आणि ती तर पहिल्याच दिवशी दिली होती. 'वर चढून पाहतो' हे शब्द तिच्याच तोंडून निघाले होते. ते तिनं गिळले, याला देवी काय करील?

पोर दुधावाचून राहू शकत नव्हती. तेल्हाऱ्याहून देवीदासची आई आशाबाई आली. तिच्या थोरल्या सुनेच्या अंगावर दूध होतं. आशाबाईनं शकुनला उचललं, छातीशी धरलं आणि गाडीत बसली. मनकर्णेला अडवण्याजोगं काहीच नव्हतं. देवीदास पाया पडायला वाकला तो उठेचना. आशाबाईनं गाडीतून हाक मारली तेव्हा उठला.

माघाच्या अवसेपासून मनकर्णा गावात घरोघर जाऊ लागली. कापसाच्या पैशावर आणखी चार-सहा घरांत भिंतीतल्या शेकोट्या झाल्या होत्या. तिथं ती आधी जाई, मग साण्याच्या घरी. खांद्यावर बांबू, त्याला बांधलेला झाडू, ओच्यात कडुलिंब. बायका म्हणत, "आली पाहा धुराची पाटलीन." काही दार लावून घेत; जिची लेक बाळंतपणात गेली तिची सावली गरवार सुनेवर नको. तर ती आत जायचीच नाही, मागून शिडी लावून वर चढायची. एकदा खाली बाळंतीण असताना चढली म्हणून घरमालकानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. ती वरूनच म्हणाली, "पाय माया हाय, पाप बी मायंच. तुमी शिडी धरा." त्या धुराड्यातून पाखराचं घरटं निघालं. त्या माणसानं नंतर शिडी धरली.

तेल्हारा चार कोस. त्या अवसेच्या दुसऱ्याच दिवशी ती चालत तिथं गेली. आशाबाई दारातच उभी राहिली.

"आमचं घर जुनं हाय, इहीनबाई. साणं हाय, आभाय दिसते."

"एक डाव पाहू द्या."

"तुमच्या घरात पाहलं असतं तं बरं झालं असतं."

मनकर्णेनं खांद्यावरचा बांबू भिंतीला टेकवला. ती ओट्याखाली बसून राहिली. दुपार कलली तेव्हा देवीदास शेतातून आला, त्यानं काही न विचारता शिडी आणून भिंतीला लावली.

धाब्यावर गुडघे टेकून तिनं साण्यात पाहिलं. साणं स्वच्छ होतं. आणि खाली, चुलीपासून दोन हातांवर, झोळीत शकुन झोपलेली दिसली. मूठ गालाखाली. मनकर्णेनं झाडू फिरवला नाही. ती बघत राहिली. पोरीचं पोट वर-खाली होत होतं.

मग ती दर अवसेला, गावातली घरं सकाळीच आटोपून, येऊ लागली. आशाबाईनं अडवलं नाही, पण अट घातली. पुढच्या वर्षी देवीदासचं दुसरं लग्न झालं तेव्हा ती ओट्यावर येऊन म्हणाली, "वर चढा, पाहा, जा. पोरीले काही सांगू नका. तिले एक माय हाय, ते इथं हाय. दोन मायचं लेकरू इकडचं रायत नाही अन् तिकडचं रायत नाही."

मनकर्णेनं मान डोलावली. नाही म्हटलं असतं तर धाब्यावर चढणंही बंद झालं असतं.

अशी तिनं नात वरूनच वाढताना पाहिली. साण्यातून. रांगताना दिसली, उभी राहताना दिसली. एका महिन्यात डोक्यावर जावळ होतं, पुढच्या महिन्यात काढलेलं. एकदा हातात पाटल्या होत्या. एकदा ताप होता आणि तिची नवी आई तिला मांडीवर घेऊन बसली होती, ओल्या फडक्यानं कपाळ पुसत. त्या दिवशी मनकर्णा अंधार पडेतो उतरली नाही, आणि उतरल्यावर त्या सुनेला तिनं मनोमन हात जोडले. लांबची लढाई संपली, भाव पडले, हौशीनं बांधलेल्या शेकोट्या थंड झाल्या. लोकांनी त्यांत कणग्या ठेवल्या. मनकर्णेची अवस चुकली नाही.

शकुन पाचव्या वर्षात होती. पौषातलीच अवस होती ती. आशाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि शकुन शेजारी कणकेचे बैल करत बसली होती. मनकर्णा साण्याच्या कडेची काजळी अलगद खरवडत होती. उजेड कमी-जास्त झाला म्हणून पोरीनं वर पाहिलं.

"आजी, वर कोन हाय?"

आशाबाईनं मान वर केली नाही. "धूर पाहनारी बाई हाय. दर अवसेले येते."

"आपल्याच घरी काहून येते?"

"समद्याच्या घरी जाते."

शकुन डोळे बारीक करून वर बघत राहिली. मनकर्णा हलली नाही. जमुनेचंच नाक होतं, आणि बघायची तीच रीत, हनुवटी पुढे काढून.

"तिच्या घरी कोन हाय? तिले पोरगी हाय काय?"

तव्यावरची भाकरी फुगली. आशाबाईनं ती उलटली, पुन्हा उलटली, कडेला लावली. तिला वाटलं असतं तर ती नाही म्हणू शकली असती.

"होती एक," ती म्हणाली. "लय गुनाची होती."

वर मनकर्णेचा हात थांबला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा झाडू आत घातला आणि कडेकडेनं, एकेक रेघ काढावी तसा फिरवू लागली, म्हणजे खाली पोरीच्या अंगावर काजळी पडायला नको.